विश्लेषण : इन्सुलिनचे पेटंट एका डॉलरला, तरी ते सर्वांपर्यंत का पोहोचले नाही? फ्रेडरिक बँटिंग यांचे आयुष्य काय सांगते?

१४ नोव्हेंबर हा दिवस भारतात बालदिन म्हणून साजरा होतो. जगभरात मात्र तो जागतिक मधुमेह दिन आहे. १८९१ मध्ये याच दिवशी कॅनडात फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. त्यांच्या नावाशी इन्सुलिनचा शोध जोडलेला आहे आणि त्याचे पेटंट अवघ्या एका डॉलरला दिल्याची गोष्टही अनेकदा सांगितली जाते. मात्र औषध सापडणे, ते स्वस्त ठेवणे आणि गरजूपर्यंत रोज पोहोचवणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत. बँटिंग यांच्या आयुष्यात या तिन्हींतील फरक ठळकपणे दिसतो.

इन्सुलिनपूर्वी मधुमेह म्हणजे काय होते?

स्वादुपिंडातील विशिष्ट पेशी इन्सुलिन तयार करतात. रक्तातील साखर पेशींमध्ये जाण्यासाठी ते आवश्यक असते. टाइप १ मधुमेहात या पेशी नष्ट होतात. मग साखर रक्तातच साचते, शरीर ऊर्जेसाठी चरबी जाळू लागते, रक्त आम्लधर्मी होते आणि शेवटी रुग्ण बेशुद्ध पडतो. १९२० पर्यंत या आजाराचे निदान झालेले मूल फार काळ जगत नसे. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांची उपासमारीची उपचारपद्धती तेव्हा सर्वात परिणामकारक मानली जात असे. साखर वाढू नये म्हणून रुग्णाला अगदी मोजके अन्न दिले जाई. त्यामुळे मृत्यू काही महिने किंवा एखाद-दोन वर्षे पुढे ढकलला जाई, पण मुलांचा हाडांचा सापळा होई. हे उपचारही सर्वांना शक्य नव्हते. प्रत्येक घास तोलून द्यायचा, लघवीची रोज तपासणी करायची आणि चोवीस तास लक्ष ठेवायचे, यासाठी खासगी परिचारिका आणि पैसा लागे. म्हणजे इन्सुलिन येण्यापूर्वीच या आजारात श्रीमंत आणि गरीब रुग्णांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या.

बँटिंग कोण होते?

ओंटारिओ प्रांतातील अ‍ॅलिस्टन गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात बँटिंग यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते सर्वात धाकटे. १९१० मध्ये टोरांटो विद्यापीठात कला शाखेत त्यांनी प्रवेश घेतला, पण पहिल्याच वर्षी नापास झाले. १९१२ मध्ये ते वैद्यकीय शाखेकडे वळले. पहिले महायुद्ध सुरू असल्याने त्यांच्या तुकडीचा अभ्यासक्रम लवकर संपवण्यात आला आणि १९१६ अखेर पदवी मिळताच ते लष्करी वैद्यकीय सेवेत गेले. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधील काम्ब्रे येथील लढाईत त्यांच्या हाताला तोफगोळ्याचा तुकडा लागला. तरीही ते इतर जखमींवर उपचार करत राहिले. त्यासाठी त्यांना मिलिटरी क्रॉस हा सन्मान मिळाला.

युद्धानंतर टोरांटोच्या बालरुग्णालयात त्यांना कायमची जागा मिळाली नाही. जुलै १९२० मध्ये त्यांनी ओंटारिओतीलच लंडन या शहरात दवाखाना उघडला. पहिल्या महिन्याची कमाई होती ४ डॉलर. घरखर्चाला हातभार म्हणून ते तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. पुढचा सगळा इतिहास या अर्धवेळ नोकरीमुळे घडला.

इन्सुलिनची कल्पना कशी सुचली?

३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री एका व्याख्यानाच्या तयारीसाठी बँटिंग यांनी स्वादुपिंडावरील एक शोधनिबंध वाचला. स्वादुपिंडाच्या नलिकेत खडा अडकल्यास पाचकरस बनवणाऱ्या पेशी सुकतात, पण इतर काही पेशी शाबूत राहतात, असे त्यात नोंदवले होते. नलिका मुद्दाम बांधून पाचकरसाच्या पेशी सुकू दिल्या, तर उरलेल्या पेशींतून साखर नियंत्रित करणारा स्राव वेगळा काढता येईल का, असा विचार त्यांच्या मनात आला. मध्यरात्रीनंतर उठून त्यांनी तो वहीत टिपला. त्या नोंदीत मधुमेहाचे इंग्रजी स्पेलिंगही चुकले होते. संशोधनाचा अनुभव जवळपास नसलेला हा डॉक्टर मग टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक जे. जे. आर. मॅक्लिऑड यांच्याकडे गेला. मॅक्लिऑड यांना शंका होत्या, तरी त्यांनी प्रयोगशाळा, कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा तरुण सहायक उपलब्ध करून दिला.

१७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. सुरुवातीला बँटिंग यांना पगार नव्हता. बरीच कुत्री दगावली. मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांची साखर या अर्कामुळे उतरताना दिसू लागली. नलिका बांधण्याची मूळ कल्पना पुढे अनावश्यक ठरली, कारण खाटीकखान्यातून आणलेल्या गुरांच्या स्वादुपिंडातूनही अर्क काढता येत होता. डिसेंबरमध्ये जैवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप या गटात आले आणि त्यांनी अर्काच्या शुद्धीकरणाचे काम हाती घेतले.

पहिले इंजेक्शन कोणाला?

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन देण्यात आले. लिओनार्ड धर्मादाय वॉर्डातील रुग्ण होता. त्याचे वजन सुमारे ३० किलोपर्यंत घसरले होते. पहिला अर्क अशुद्ध होता. साखर थोडीच उतरली आणि सुई टोचलेल्या जागी गळू झाले. २३ जानेवारीला कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला गेला आणि त्याचा परिणाम स्पष्ट दिसला. साखर उतरली, लघवीतील विषारी घटक कमी झाले, मुलाच्या अंगात बळ आले.

नव्या औषधाचा पहिला प्रयोग गरीब रुग्णावर झाला, ही बाब त्या काळच्या रुग्णालयांना नवी नव्हती. खरा प्रश्न प्रयोग यशस्वी झाल्यानंतर उभा राहिला. इन्सुलिनने मधुमेह बरा होत नव्हता, फक्त आटोक्यात येत होता. इंजेक्शन थांबले की आजार परत येणार होता. काही महिन्यांत जीव घेणारा आजार आता आयुष्यभर सांभाळायचा आजार झाला. त्यामुळे औषध एकदा मिळून भागणार नव्हते. ते रोज आणि जन्मभर मिळायला हवे होते.

तुटवड्यात इन्सुलिन कोणाला मिळाले?

यशाची बातमी पसरली आणि नेमके त्याच वेळी उत्पादन कोलमडले. प्रयोगशाळेत थोड्या प्रमाणात जमलेली शुद्धीकरणाची पद्धत मोठ्या प्रमाणावर केली की बिघडत होती. १९२२ च्या वसंतात काही आठवडे टोरांटोत पुरेसे इन्सुलिनच तयार होत नव्हते. इकडे आईवडिलांची पत्रे, तारा आणि विनंत्यांचा पूर आला होता. जे थोडे औषध होते, ते कोणाला द्यायचे हे मोजक्या माणसांच्या हाती होते आणि त्यात बँटिंग प्रमुख होते.

मे १९२२ मध्ये इन्सुलिन मिळालेला पहिला अमेरिकी रुग्ण जेम्स हॅवन्स हा अमेरिकी काँग्रेसच्या माजी सदस्याचा मुलगा होता. हे वडील कोडॅक कंपनीत मोठ्या पदावर होते. ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी टोरांटोत आली. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. डॉ. अ‍ॅलन यांच्या उपासमारीच्या उपचारांवर ती तीन वर्षे तगली होती आणि तिचे वजन जेमतेम २० किलो उरले होते. बँटिंग यांनी आधी नकार दिला, नंतर तिला स्वीकारले. इन्सुलिन सुरू झाल्यावर ती झपाट्याने सावरली, पदवीधर झाली, संसार केला आणि १९८१ पर्यंत जगली. लिओनार्ड थॉम्पसनचा मृत्यू १९३५ मध्ये न्यूमोनियाने झाला. तेव्हा तो तिशीच्या आतच होता.

या दोन आयुष्यांतील सगळा फरक केवळ पैशाने पडला, असे म्हणता येणार नाही. मात्र टोरांटोपर्यंत प्रवास करणे, परिचारिकेसह महिनोन्महिने राहणे आणि थेट संशोधकाला पत्र लिहून उत्तर मिळवणे फार थोड्यांना शक्य होते. बँटिंग यांनी खासगी रुग्ण पाहिले, तसाच टोरांटोच्या ख्रिस्ती स्ट्रीट लष्करी रुग्णालयात माजी सैनिकांसाठीचा मधुमेह विभागही चालवला. पण एका डॉक्टरचा चांगुलपणा म्हणजे वाटपाची व्यवस्था नव्हे, हे १९२२ च्या त्या महिन्यांनी दाखवून दिले.

पेटंट एका डॉलरला का दिले?

डॉक्टरने औषधाच्या पेटंटवर नाव लावणे वैद्यकीय शपथेशी विसंगत आहे, असे बँटिंग यांना वाटत होते. त्यामुळे सुरुवातीला अर्जात त्यांचे नाव नव्हते. पुढे कायदेशीर अडचण टाळण्यासाठी ते जोडण्यात आले. जानेवारी १९२३ मध्ये अमेरिकी पेटंट मंजूर झाले. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन ते टोरांटो विद्यापीठाकडे सोपवले.

इथे एक मुद्दा अनेकदा निसटतो. संशोधकांनी पेटंट नाकारले नव्हते, ते घेऊन विद्यापीठाला दिले होते. पेटंट घेतलेच नसते, तर एखाद्या कंपनीने तीच पद्धत आपल्या नावावर करून इतरांची वाट अडवली असती. विद्यापीठाने इन्सुलिन समिती नेमली. ही समिती उत्पादकांना परवाने देई, औषधाचे नमुने तपासे आणि मिळालेले स्वामित्वधन संशोधनावर खर्च करी. अमेरिकेतील एली लिली कंपनीला मे १९२२ मध्ये एक वर्षासाठी विशेष हक्क देण्यात आले, कारण विद्यापीठाला मोठे उत्पादन जमत नव्हते. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने शुद्धीकरणाची चांगली पद्धत शोधली आणि कंपनीने तिचे स्वतंत्र पेटंट मागितले. तेव्हा ही पद्धत सर्व परवानाधारकांना खुली राहावी, यासाठी विद्यापीठाने पावले उचलली. ब्रिटनमधील हक्क तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेला दिले गेले. डेन्मार्कचे नोबेलविजेते ऑगस्ट क्रोग यांच्या पत्नीला मधुमेह होता. त्यांनी टोरांटोला भेट देऊन आपल्या देशासाठी परवानगी मिळवली. आजची नोवो नॉर्डिस्क कंपनी त्याच प्रयत्नातून उभी राहिली. काही वर्षांतच इन्सुलिन अनेक देशांत मिळू लागले. यामागे नियम, तपासणी आणि परवाने यांची आखणी होती. एक डॉलर हा त्या आखणीचा छोटासा भाग होता.

नोबेल मिळूनही वाद का झाला?

१९२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंग तेव्हा ३२ वर्षांचे होते. या विषयातील सर्वात तरुण नोबेल विजेता हा विक्रम आजही त्यांच्या नावावर आहे. मात्र बेस्ट यांना वगळल्याने ते संतापले आणि त्यांनी आपली अर्धी रक्कम बेस्ट यांना दिली. मॅक्लिऑड यांनी आपली अर्धी रक्कम कॉलिप यांना दिली. बँटिंग यांचा स्वभाव तापट होता. कॉलिप यांच्याशी त्यांची प्रयोगशाळेत झटापटही झाली होती आणि मॅक्लिऑड यांच्याविषयीची अढी शेवटपर्यंत गेली नाही. इन्सुलिन हे चौघांचे काम होते. जनतेच्या मनात मात्र एकच नाव राहिले. कॅनडाच्या संसदेने बँटिंग यांना आयुष्यभरासाठी वार्षिक ७,५०० डॉलर मानधन मंजूर केले आणि १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

आर्क्टिकच्या प्रवासात काय दिसले?

बँटिंग हौशी चित्रकार होते. १९२७ मध्ये चित्रकार मित्र ए. वाय. जॅक्सन यांच्यासोबत ते सरकारी जहाजाने कॅनडाच्या आर्क्टिक भागात गेले. तिथल्या इन्युइट लोकांचे बदलते जगणे त्यांनी डॉक्टरच्या नजरेने पाहिले. शिकार आणि मासळीवर जगणारे लोक मौल्यवान कातडी व्यापाऱ्यांना देत आणि मोबदल्यात त्यांच्या पदरी पीठ, बिस्किटे, चहा, तंबाखू पडे. या अन्नाने आणि बाहेरून आलेल्या आजारांनी त्यांची प्रकृती खालावत असल्याचे बँटिंग यांचे मत झाले. परतीच्या वाटेवर त्यांनी एका वार्ताहराशी बोलताना व्यापारी कंपनीच्या व्यवहारावर टीका केली. ती टोरांटोच्या वृत्तपत्रात छापून आली आणि वाद झाला.

हा प्रसंग त्यांच्या चरित्रात सहसा तळटीपेत जातो. पण दीर्घकालीन आजारांच्या प्रतिबंधाचा मुख्य प्रश्न त्यात आहे. माणूस काय खातो हे केवळ त्याच्या निवडीवर ठरत नाही. त्याच्यापर्यंत काय पोहोचते, ते कितीला पडते आणि व्यवहाराचे नियम कोण ठरवते, यावरही ते ठरते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅनडातील मूळ रहिवाशांमध्ये मधुमेह दुर्मीळ होता. आज तिथल्या फर्स्ट नेशन्स समुदायांत त्याचे प्रमाण इतर कॅनेडियन नागरिकांच्या काही पट आहे.

१९३० च्या दशकात बँटिंग यांच्या संशोधन विभागाने सिलिकोसिसवरही काम केले. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्याने खाणकामगारांना जडणारा हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. धूळ रोखणे हाच त्यावरचा खरा उपाय. तो मात्र कामगाराच्या नव्हे, खाणमालकाच्या हातात असतो.

शेवट कसा झाला आणि पुढे किमतीचे काय झाले?

दुसऱ्या महायुद्धात बँटिंग यांनी वैमानिकांच्या आरोग्यावरील संशोधनाला चालना दिली. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते इंग्लंडला निघाले असताना त्यांचे हडसन बॉम्बर विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळले. २१ फेब्रुवारीला वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी अमेरिकेत इन्सुलिनचे दर संगनमताने ठरवल्याच्या आरोपावरून औषध कंपन्यांवर खटला भरण्यात आला आणि त्यांना दंड झाला.

पहिल्या पेटंटची मुदत संपली, पण इन्सुलिनचे रूप बदलत गेले. जास्त वेळ टिकणारे प्रकार आले, १९८२ मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि १९९६ पासून सुधारित रेणू आले. प्रत्येक टप्प्यावर नवी पेटंटे आली. आज जगाच्या इन्सुलिन बाजाराचा ९० टक्क्यांहून अधिक वाटा तीन कंपन्यांकडे आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये सुमारे २१ डॉलरला मिळणाऱ्या एका सुधारित इन्सुलिनच्या कुपीची छापील किंमत दोन दशकांत सुमारे २७५ डॉलरवर गेली. रुग्ण डोस कमी करू लागल्याच्या बातम्यांनंतर दबाव वाढला आणि २०२३ मध्ये तिन्ही कंपन्यांनी काही इन्सुलिनच्या छापील किमती मोठ्या प्रमाणात कमी करण्याची घोषणा केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार टाइप २ मधुमेहात इन्सुलिनची गरज असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना आजही ते मिळत नाही.

भारतासाठी याचा अर्थ काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. शहरांत हे प्रमाण १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. याच प्रकल्पाच्या २०१७ मधील निष्कर्षांनुसार आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरी भागांत हा आजार गरीब गटात अधिक दिसू लागला आहे. श्रीमंतांचा आजार ही मधुमेहाची जुनी ओळख त्यामुळे मागे पडते आहे.

इन्सुलिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि त्याच्या दरावर सरकारी नियंत्रण आहे. तिशीवरील नागरिकांची मधुमेह आणि रक्तदाब तपासणीही सरकारी कार्यक्रमात समाविष्ट आहे. पण कुपी हा खर्चाचा एक भाग झाला. सोबत सिरिंज, ग्लुकोमीटर, रोज लागणाऱ्या पट्ट्या, थंड साठवण, डॉक्टरकडे जायचे बसभाडे आणि बुडालेली मजुरी येते. शेतमजुराच्या घरात फ्रिज नसेल किंवा वीज तासन्‌तास जात असेल, तर स्वस्त इन्सुलिनही जोखमीचे होते. काही ठिकाणी ओल्या मातीच्या भांड्यात कुपी ठेवली जाते आणि त्याने तापमान काही अंशांनी उतरते, हे अभ्यासांत दिसले आहे. मात्र ती सोय डॉक्टरांना विचारूनच करावी लागते. टाइप १ मधुमेह असलेल्या शाळकरी मुलाला दुपारचे इंजेक्शन शाळेत घेता येते का, हाही उपचाराचाच भाग आहे.

बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ मध्ये आपल्या हातात होते तेवढे केले. औषधावरचा मालकी हक्क सोडला आणि त्यावर सार्वजनिक देखरेख बसवली. इन्सुलिन रोज गरजूच्या दारापर्यंत नेण्याचे काम त्यांच्या शोधात अनुस्यूत नव्हते. ते आरोग्य यंत्रणेचे काम होते. तालुक्याच्या ठिकाणी औषधाचा साठा किती दिवस पुरतो, तपासणीत सापडलेल्या रुग्णाचे पुढे काय होते आणि पट्ट्यांचा खर्च कोण उचलतो, या साध्या प्रश्नांची उत्तरे ज्या प्रमाणात मिळतील, त्याच प्रमाणात शंभर वर्षांपूर्वीचा तो शोध इथल्या रुग्णाच्या उपयोगी पडेल.